एकच फोटो!

चार मित्र, तीन कॅमेरे, एक वीकएण्ड आणि साताऱ्याचं कास पठार. रंग तर पोतं भरून मिळाले. पण घरी येताना सोबत आलं ते भलतंच काहीतरी...

सप्टेंबर संपत आला की बोस्टनला असलेली माझी चुलत बहीण फोटो पाठवायला सुरुवात करते. लाल झाडं, केशरी झाडं, झाडांखाली पानांचा सडा, हातात कॉफीचा मोठ्ठा मग. खाली कॅप्शन, 'ऑटम इज हिअर!' आणि इकडे मी कर्वे रोडच्या सिग्नलला, स्कार्फ गुंडाळून, ऑक्टोबर हीटच्या ट्रेलरमध्ये घामाघूम. जाम जळायचे मी. वाटायचं, आपल्याकडे ऑटम नावाचा प्रकार फक्त भूगोलाच्या पुस्तकात. आपले ऋतू तीनच. गरम, खूप गरम आणि 'आज ऑफिसला छत्री नेऊ का?'

यंदा मात्र ठरवलं. जळायचं नाही, जायचं! आपल्याकडेही पाऊस ओसरता ओसरता, ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आधी, जेमतेम चार-सहा आठवडे एक जादू चालू असते. तिचा पत्ता, कास पठार, साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर.

प्लॅन होतो तो असा

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर शुक्रवारी एक प्लॅन जन्माला येतो आणि शनिवारी सकाळी वारतो. 'बघू', 'नेक्स्ट वीक नक्की', 'क्लायंट कॉल आहे यार'... मरणाची कारणं ठरलेली. या वेळी वाचला, कारण बंड्याने कुणालाही न विचारता कासचं ऑनलाइन बुकिंग करून टाकलं आणि ग्रुपवर नुसता स्क्रीनशॉट टाकला. चार तिकिटं. रविवार, सकाळचा पहिला स्लॉट. विषय संपला!

मंडळींची ओळख करून देते. एक 'लेन्सवाला'. हिंजवडीत नोकरी, पगारातला निम्मा हप्ता कॅमेऱ्याचा आणि उरलेला लेन्सचा. दुसरी 'मॅडम'. बँकेत आहे, सोमवार ते शुक्रवार गंभीर, वीकएण्डला रील्स. तिसरी मी, नवाकोरा मिररलेस कॅमेरा घेतलेली आणि त्याचं मॅन्युअल अजून न उघडलेली. चौथा बंड्या. बंड्याकडे कॅमेरा नाही. फोन आहे, पण त्याची स्क्रीन एवढी तडकलीय की त्यात सगळेच फोटो मॉडर्न आर्ट दिसतात. बंड्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळतो आणि वीकएण्डला दुकान सोडून जायचं म्हणजे त्याला घरी आठवडाभर आधी रदबदली करावी लागते. तरी बुकिंग त्यानेच केलं होतं. हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर आलं.

वाईचा वॉर्म-अप

शनिवारी सकाळी सहाला निघालो. खंबाटकी घाटात ढग अगदी रस्त्यावर उतरले होते. लेन्सवाल्याने तीनदा गाडी थांबवायला लावली आणि तिन्ही वेळा फोटोत फक्त पांढरा रंग आला. चौथ्यांदा बंड्याने थांबवलीच नाही.

सुरूर फाट्यावरून आत वळलं की वाई. कासला थेट न जाता आधी इथे यायचं कारण म्हणजे कृष्णेचे घाट. नवा कॅमेरा हातात बसवायला यासारखी जागा नाही. दगडी पायऱ्या, पाणी, देवळं आणि त्यावरून सरकणारी सावली. ढोल्या गणपतीचं देऊळ तर तुम्ही पाहिलं असेलच. 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. पण पुढच्या वेळी गेलात तर दर्शन झाल्यावर मागे जाऊन बघा. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. गावातच मराठी विश्वकोशाचं कार्यालयही आहे. विकिपीडिया जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून इथे माणसं बसून जगातल्या सगळ्या गोष्टी मराठीत लिहीत होती. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला.

तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट. घाटावर पाऊल टाकल्या टाकल्या मॅडम किंचाळली, 'अगं, हे तर स्वदेस!' बरोब्बर. 2004 चा 'स्वदेस' इथेच चित्रित झालाय. शाहरुखच्या पायऱ्या सापडल्यावर तिची अर्धी बॅटरी तिथेच संपली.

मला मात्र तिथली घंटा भारी वाटली. शंकराच्या देवळाजवळ टांगलेली ही भलीमोठी घंटा मुळात चर्चची आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलीय आणि 1707 हे साल. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्यानंतर तिथल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातली ही एक. महादेवाच्या दारात मेरीमाता! मी तिचे सव्वीस फोटो काढले. बंड्याने घंटेखाली उभं राहून वर बघितलं आणि म्हणाला, 'हिला इथे आणली कशी असेल गं? घाट चढून? बैलगाडीतून?' सव्वीस फोटोंत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

संध्याकाळी सातारा. अजिंक्यताऱ्यावरून खाली शहरातले दिवे लागताना बघितले, कंदी पेढ्यांचा पाव किलोचा पुडा हॉटेलवर पोचायच्या आत संपवला आणि पहाटेचे चार-चार अलार्म लावून झोपलो.

पठार नव्हे, सडा

पहाटे निघून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तेव्हा खाली सातारा धुक्यात बुडालेलं होतं. कास समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर उंचीवर आहे. गाडी ठरलेल्या पार्किंगला लावायची, तिकीट दाखवायचं आणि आखून दिलेल्या वाटेने चालायचं. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा निवडलेल्या 39 जागांमध्ये कास होतं. महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. बाकीची तीन म्हणजे कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आता खरं सांगू? पहिल्या पाच मिनिटांत आमचा मूड गेला.

'एवढंच?' मॅडम म्हणाली. लेन्सवाला काही बोलला नाही, पण त्याच्या तोंडावर तेच होतं. फोटोंमध्ये पाहिलेला तो क्षितिजापर्यंतचा जांभळा गालिचा कुठे होता? समोर फुलं होती, भरपूर होती. पण मधेमधे गवत, चिखल, काळेतांबूस दगड, साचलेलं पाणी. आणि फुलं केवढी? नखाएवढी!

मग लेन्सवाल्याने लांब पल्ल्याची लेन्स लावली, गुडघ्यावर बसला, आणि पडद्यावर बघतो तर काय... गालिचा! गंमत अशी आहे की हा गालिचा जमिनीवर जेवढा असतो त्याहून जास्त कॅमेऱ्यात असतो. उभ्याने बघितलं की दोन फुलांमधली जमीन दिसते. तेच डोळे फुलांच्या उंचीला नेले की पुढचं फूल मागच्या जमिनीला झाकतं, लांबची लेन्स मधलं अंतर चेपून टाकते आणि फुलाला फूल चिकटून दिसायला लागतं. कासचे जे जे फोटो पाहून आपण 'वॉव' म्हणतो, त्यातले बरेचसे कुणीतरी खाली वाकून किंवा चक्क आडवं पडून काढलेले असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एकदा डोळे खाली आले की मात्र मूड परत आला, आणि असा आला की विचारू नका! ती जांभळट निळी इवलीशी सीतेची आसवं. पिवळ्या पाकळ्यांवर दोन लालसर ठिपके असलेलं ते फूल, म्हणजे कवला. पण त्याला सगळे ओळखतात 'मिकी माऊस' म्हणून, आणि का ते बघितल्यावर सांगावं लागत नाही. गुलाबी तेरडा. पांढऱ्या बटणांसारखे गेंद. कडेकडेने सोनकीचा पिवळाधमक रंग. कासवर फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेहून जास्त जातींची नोंद झालीय आणि सगळ्या एकदम फुलत नाहीत. दर दहा-पंधरा दिवसांनी पठार कपडे बदलतं. शिवाय टोपली कारवीसारखी काही मंडळी सात-सात वर्षं वाट बघायला लावतात.

वारा मात्र वैरी. मॅक्रो फोटो म्हणजे संयमाची परीक्षा. फूल फोकसमध्ये येतं आणि मान हलवून 'नाही' म्हणतं. शटर स्पीड पाचशेच्या वर नेला, बर्स्ट मोड लावला, मॅडमने छत्री आडवी धरून वारा अडवला. ढगाळ उजेड मात्र वरदान. कडक सावल्या नाहीत, पाकळ्यांवरचे थेंबही शाबूत. तासाभरात माझे तीनशे फोटो झाले होते. सगळे बरे होते. एकही ग्रेट नव्हता.

आणि मला ग्रेट हवा होता. या लेखाला लागणारा. बोस्टनला पाठवायला लागणारा.

ती शिट्टी

वाटेपासून दहा-बारा पावलांवर सीतेच्या आसवांचा एक पट्टा होता. मागे धुकं, त्यातून नुकतं उतरू लागलेलं ऊन, थेंब चमकतायत. वाटेवरून जमत नव्हतं, मधे गवत येत होतं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. 'जस्ट एकच फोटो,' असं स्वतःशीच म्हणत आत गेले आणि पालथी पडले. कोपर टेकवून, हनुवटी जमिनीला लावून. अंगाखाली गारेगार पाणी आलं. आणि पडद्यावर ते आलं, जे मी कधीच काढलं नव्हतं. निळा-जांभळा समुद्र, त्यात एकच फूल काचेसारखं स्पष्ट, मागे सोनेरी धुकं.

क्लिक. क्लिक. क्लिक.

फुर्रर्रर्र!

'ओ ताई! उठा! उठा आदी तितनं!'

गळ्यात शिट्टी, डोक्यावर पदर आणि वर टोपी, पायात प्लास्टिकच्या चपला. पन्नाशीच्या एक मावशी वाटेवर उभ्या होत्या. आसपासच्या गावांतली माणसंच सीझनमध्ये इथे राखणीला असतात, त्यातल्या एक.

'सॉरी मावशी, एकच फोटो...'

'समदी येकच फोटू म्हनत्यात. दिसाला किती मानसं येत्यात ठावं हाय का? परतेकानं येकच काडला, तर मागं काय ऱ्हातंय?'

यावर काय बोलणार? मी उठले. आणि खाली बघितलं.

जमिनीवर माझा छाप होता. दोन कोपरं, पोट, गुडघे. माझ्या मापाचा एक चिखलाचा डाग, त्यात फुलं चेपून काळपट झालेली आणि माझ्या कोपराच्या खळग्यात हळूहळू पाणी भरत होतं. मी खाली बसून बोटांनी दोन-चार काड्या उभ्या करायला लागले. केसांइतक्या बारीक देठांच्या. उभ्या करायच्या, पुन्हा आडव्या पडायच्या.

'ऱ्हाऊ द्या आता,' मावशी म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. 'त्ये काय उठत न्हाई.'

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दगडावरचा पातळ संसार

मी एवढी का हबकले, ते सांगायला थोडं विज्ञान सांगावं लागेल. घाबरू नका, थोडंच!

कासच्या पायाखाली आहे जांभा. बेसॉल्टचा खडक लाखो वर्षं झिजून, पावसात धुऊन निघून उरलेला लोह आणि ॲल्युमिनियमचा कडक थर. त्याच्यावर माती किती? कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. म्हणूनच इथे मोठी झाडं फारशी दिसत नाहीत, मुळं जाणार कुठे? पावसाळ्यात पाणी वर साचून राहतं, उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी तग धरायची युक्ती एकच. पाऊस सुरू झाला की उगवायचं, पटापट फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. इथली बरीचशी फुलझाडं अशीच, तीन-चार महिन्यांचं आयुष्य असलेली. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीला मी ज्यांच्यावर झोपले, ती बी धरायच्या ऐन बेतात होती. त्या झाडांचं पुढच्या वर्षीचं देणं माझ्या कोपराखाली गेलं.

आणि सीतेची आसवं दिसायला गरीब, पण आहेत चक्क मांसाहारी! मातीत अन्नद्रव्यं नाहीत, सगळी पावसाने वाहून नेलेली. म्हणून या झाडाने ओल्या मातीत सूक्ष्म फुगे तयार केलेत. एखादा बारीकसा जीव फुग्याच्या तोंडाशी आला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. शेजारचा दवबिंदू तर आणखी चतुर. पानांवरचे चमकणारे थेंब दव नसतातच, चिकट सापळे असतात. एवढे कष्ट करून बोटभर मातीत जगणाऱ्यांच्या वाट्याला शेवटी काय? माझी जीन्स.

एका माणसाच्या एका फोटोने पठार नष्ट होत नाही, हे मलाही कळतं. मातीत आधीचं बी असतं, काही ना काही उगवेलही. पण पायांनी माती दाबली जाते, दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मूळ धरत नाही. आणि एकजण आत गेला की वाट पडते. पडलेल्या वाटेवरून दुसऱ्याला जायला संकोच वाटत नाही. खरं सांगते, मी मागे वळून बघितलं तेव्हा माझ्या पावलांच्या खुणा पाहून एक जोडपं आत उतरायच्या तयारीत होतंच. मावशींची शिट्टी पुन्हा वाजली.

बंड्याने काय बघितलं

मी वाटेवर परत आले तेव्हा लेन्सवाल्याने माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि ओरडलाच, 'आयला! शॉट ऑफ द इयर! स्पर्धेला पाठव हा!' मॅडम म्हणाली, 'चला ना इथून, सगळे बघतायत.' बंड्या काहीच बोलला नाही. तो मावशींना विचारत होता, 'मावशी, ह्याला काय म्हणता तुम्ही?'

आणि मावशी सांगायला लागल्या. राग बिग सगळा विसरून. हे गेंद, ह्यो तेरडा, ही किडं खानारी. 'आन तुमी पठार पठार म्हनता न्हवं, आमी सडा म्हनतो ह्याला. सडा.' लहानपणी त्या इथे जनावरं घेऊन यायच्या. फुलांचं तेव्हा कौतुक नव्हतं. फुलं ती काय, दर वर्षी येतातच! शहरातली माणसं गाड्या भरभरून आली, तेव्हा त्यांना कळलं की आपल्या सड्यावर बघण्यासारखं काही आहे.

जनावरांच्या या गोष्टीवरून नंतर बरंच वाचलं. गर्दी वाढल्यावर इथे कुंपण आलं आणि त्यावर वादही झाला. अभ्यासकांचं एक म्हणणं असं की गुरं चरली की गवत आखूड राहतं आणि इवल्याशा फुलांना ऊन मिळतं. चराई पूर्ण थांबली तर गवतच डोकं वर काढतं. म्हणजे पठार वाचवायचं तर माणसाला पूर्ण बाहेर काढूनही भागत नाही आणि मोकळं सोडूनही. सोपं उत्तर नाही.

'दावा की वाईच,' मावशी अचानक मला म्हणाल्या. 'काय?' 'त्योच फोटू. कशापायी झोपला व्हता ते बगू तरी.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कॅमेरा पुढे केला. मावशींनी पडद्यावर हाताची सावली धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

'ह्यो हितलाच?'

'हो.'

'लई ग्वाड आलाय.' मग थोडं थांबून, 'म्या जल्मात असा बगितला न्हाई सडा.'

ज्या बाईने आयुष्य इथे काढलं, तिने हे कधी बघितलं नव्हतं, कारण ती कधी इथे झोपली नव्हती! मला हसावं की रडावं कळेना. इतक्यात त्यांनी कॅमेरा परत दिला आणि म्हणाल्या, 'आता ह्यो बगून आनिक मानसं येत्याल न्हाई का?'

'येतील ना मावशी.'

'येऊ द्यात. मानसं आली पायजेत. दोन म्हैनं काम मिळतंय. मग फुलं बी जात्यात आन मानसं बी.' आणि हसल्या. 'पन झोपली न्हाई पायजेत!'

एका वाक्यात अख्खं टुरिझम पॉलिसी! पुढची अर्धी सकाळ आम्ही वाटेवरूनच चाललो. बंड्या पुढे, मागे आम्ही. तो बोट दाखवायचा, आम्ही बघायचो. शेंदराच्या ठिपक्याएवढा कोळी, मिकी माऊसच्या कानामागे लपलेला. कातळातल्या खळग्यात अंगठ्याएवढा बेडूक. एका दगडावर तीन प्रकारचं शेवाळ. 'तुला हे सगळं दिसतं कसं रे?' मी विचारलं. 'मला फोटो काढायचा नसतो ना,' तो म्हणाला. टोमणा नव्हता. नुसतं उत्तर होतं.

कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत गेलो. तळ्यावर पांढऱ्या, झालरीसारख्या काठाची फुलं पाण्यात उभी. तिथे काठावर बसून आम्ही चौघं चक्क गप्पा मारत होतो. कॉलेजनंतर पहिल्यांदाच एवढ्या. बंड्याने तेव्हा सांगितलं की दुकान विकायचं घरात चाललंय. वडिलांना होत नाही आणि त्याला एकट्याला परवडत नाही. ग्रुपवर तो कधी बोलला नव्हता. 'म्हटलं, एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ. पुढचं कुणी बघितलंय?' म्हणून स्क्रीनशॉट. म्हणून बुकिंग. लेन्सवाल्याने कॅमेरा बॅगेत ठेवला आणि चेन लावली. मला वाटतं, त्या ट्रिपमधली त्याची सगळ्यात चांगली गोष्ट ती होती.

त्या अर्ध्या तासाचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

आणि तो फोटो?

रविवारी रात्री घरी येऊन फोटो लॅपटॉपवर टाकले. तो फोटो मोठ्या पडद्यावर आणखी सुंदर दिसतो. खोटं कशाला बोलू? संपादकांनी लेखाबरोबर फोटो मागितले तेव्हा पहिल्यांदा मी तोच अटॅच केला होता. पाठवायच्या बटणावर बोटही होतं. मग वाटलं, हा फोटो बघून तुम्ही काय कराल? तेच, जे मी केलं. कुणाच्या तरी अशाच फोटोसाठी मीही वाट सोडली होती ना? म्हणून तुम्ही इथे बघताय तो दुसरा. वाटेवरून काढलेला, मधे गवत आलेलं, कोपऱ्यात मावशींची टोपी. त्यांना विचारूनच काढलाय. ग्रेट नाही, बरा आहे. कास उभ्याने दिसतं तसंच दिसतंय.

तो दुसरा डिलीट केला का? नाही. धीर झाला नाही. 'कास_287' नावाने हार्ड डिस्कवर आहे. कधीमधी उघडते. आता मला त्यात फुलांपेक्षा खालची, फ्रेमच्या बाहेरची जागा जास्त दिसते.

बोस्टनला मावशींच्या टोपीवाला फोटो पाठवला. बहिणीचा लगेच मेसेज आला, 'हे आपल्याकडे आहे???' पुढच्या सप्टेंबरला ती सुट्टीवर येतेय म्हणते. तिला घेऊन जाईन. बंड्याला आत्ताच सांगून ठेवलंय, बुकिंग या वेळी माझं. माझ्या मापाच्या त्या जागेत काही उगवलंय का, ते बघायचंय.

वाटेवरून.

जायचंय? मग हे वाचा

कधी : ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बहर पावसावर अवलंबून, त्यामुळे निघण्याआधी स्थानिक माहिती घ्या.

कसं : पुण्याहून सातारा साधारण 110 किलोमीटर, तिथून यवतेश्वर मार्गे कास. सीझनमध्ये बुकिंग ऑनलाइन करूनच निघा, प्रवेशाला मर्यादा असते. जमलं तर वीकएण्ड टाळा आणि सकाळचा पहिला स्लॉट घ्या.

फोटोसाठी : वाटेवरच उकिडवं बसा आणि कॅमेऱ्याची फिरणारी स्क्रीन बाहेर काढा, झोपायची गरज उरत नाही. लांब पल्ल्याची लेन्स असेल तर उत्तम. पोलरायझर लावला की ओल्या पानांवरची चकाकी कमी होते आणि रंग खुलतात. मोबाइलवाल्यांनो, जांभळा रंग निळा दिसत असेल तर व्हाइट बॅलन्स हाताने सेट करा.

जोडीला : वाई-मेणवली, अजिंक्यतारा, सज्जनगड किंवा पठारावरून पुढे बामणोलीला कोयनेचा शिवसागर जलाशय.

सोबत ठेवा : रेनकोट, जादा मोजे, कचऱ्यासाठी पिशवी आणि कॅमेरा नसलेला एक मित्र. मस्ट!